थीम गेली कुठे?

रशियन पियानोवादक-संगीतकार रखमानिनॉफनं १९३१ मध्ये मेटनर या संगीतकार मित्राला लिहिलेल्या एका पत्रात गमतीशीर कबुली आहे. पियानोसाठी नुकतीच केलेली २० व्हेरिएशन्सची, म्हणजे एकाच मूळ चालीच्या (थीमच्या) २० बदलत्या रूपांची रचना तो त्या मोसमात मैफलींमधून वाजवत होता, पण ती त्यानं एकदाही सलग, सगळीच्या सगळी वाजवली नव्हती. श्रोत्यांचा खोकला हा त्याचा मार्गदर्शक. खोकला वाढला की पुढचं व्हेरिएशन गाळायचं, सभागृह शांत असेल तर क्रमानं पुढं जायचं. एका लहानशा गावात खोकणाऱ्यांनी असा उच्छाद मांडला की २० पैकी १० वाजवून तो मोकळा झाला. न्यूयॉर्कमध्ये १८ पर्यंत मजल गेली, तो उच्चांक.

हा किस्सा बहुधा श्रोत्यांच्या वागण्यावरचा टोमणा म्हणून सांगितला जातो. मला त्यात एक अडचणीचा प्रश्न दिसतो. फ्यूगमधले, म्हणजे एकच ओळ अनेक आवाजांत एकामागून एक येत गुंफली जाते त्या रचनेतले, मधले बार (तालाचे तुकडे) काढून टाकले तर ती कोसळेल. सोनाटाच्या पहिल्या भागाचा मधला तुकडा गाळला तर शेवट कुठून आला ते कळणार नाही. इथं मात्र निम्मी रचना गाळली आणि लोक टाळ्या वाजवून घरी गेले. छापील प्रतीतही काही व्हेरिएशन्स वगळली तरी चालतील अशी सूट खुद्द रखमानिनॉफनंच देऊन ठेवली आहे. मग या सुट्या सुट्या तुकड्यांना एकत्र बांधणारं असतं तरी काय?

(जाता जाता: या रचनेला ‘कोरेली व्हेरिएशन्स’ म्हणतात आणि मूळ चाल कोरेलीची नाहीच. ती ‘ला फोलिया’ नावाची त्याच्याही आधीची चाल, कोरेलीनं तिच्यावर व्हेरिएशन्सच केली होती. ब्राम्सच्या ‘हायडन व्हेरिएशन्स’ची तीच गत, ती चाल हायडनची असावी असं आता जाणकार मानत नाहीत. थीमच्या मालकीचे कागद या प्रांतात कायमच घोळाचे असतात आणि त्यानं कुणाचं काही अडत नाही.)

माझी या प्रकाराशी ओळख पियानोवर झाली नाही, तबल्यावर झाली. मिरजेत शाळेत असताना मी तबला शिकत होते. तबला शिकणाऱ्या बहुतेकांच्या हातात सुरुवातीला जो दिल्लीचा कायदा (ठरावीक बोलांची बांधलेली रचना) पडतो, तोच माझ्याही पडला: धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धिना. मग त्याचे पलटे, म्हणजे त्याच बोलांची उलटापालट. पलट्यात काय करता येतं यापेक्षा काय करता येत नाही याचीच यादी मोठी. कायद्यात नसलेला बोल घ्यायचा नाही. भरीत (घुमक असलेल्या अर्ध्यात) जे वाजलं त्याचा जाब खालीत (घुमक नसलेल्या अर्ध्यात) द्यायचा. ओळीचा शेवट तूना आणि धिनानंच करायचा. तिट तीनदा घ्या, धाधा मागं ढकला, मध्ये दम घ्या, पण घरातल्याच माणसांनी. बाहेरचा ‘तिरकिट’ हळूच घुसवला की सर डग्ग्यावर हात ठेवून तो गप्प करायचे. आणि एकल वादनात कसलेला तबलजी काय करतो? दाद येतेय म्हटल्यावर आणखी चार पलटे वाढवतो, लोक घड्याळाकडे बघायला लागले की थेट तिहाईवर, तीनदा वाजवून संपवायच्या शेवटच्या तुकड्यावर, येतो. रखमानिनॉफच्या पत्रानं मला धक्का बसला नाही, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं, ते यामुळे.

आपल्याकडे पाश्चात्त्य व्हेरिएशन्सची तुलना ख्यालाच्या बढतीशी करायची पद्धत आहे. मला ती फारशी पटत नाही. बढतीत रागाचा विस्तार होतो आणि बंदिशीचा मुखडा प्रत्येक आवर्तनाला समेवर येऊन आपली हजेरी लावून जातो. कितीही लांब गेलं तरी घर दर दोन मिनिटांनी दिसत राहतं. व्हेरिएशन्समध्ये तसं नाही. थीम एकदा वाजते, संपते. पुढचं व्हेरिएशन बरोबर तेवढ्याच लांबीचं, त्याच वळणांचं, त्याच जागी थांबे असलेलं, पण वेगळ्या सुरावटीचं. मग तिसरं. हा सरळ सरळ कायदा-पलट्याचा व्यवहार आहे. तो ऐकताना बदल मोजत बसलं की लवकर कंटाळा येतो, कारण बदल तर सगळेच करतात. वाजवणाऱ्यानं काय हातचं सुटू दिलं नाही, तिकडं कान लावला की खरी मजा सुरू होते. आणि प्रत्येक मोठ्या संगीतकारानं धरून ठेवायला वेगळीच गोष्ट निवडलेली आहे.

सगळ्यांनीच काही मोठं केलं असंही नाही. अठराव्या शतकाच्या शेवटाला व्हिएन्ना आणि पॅरिसमध्ये व्हेरिएशन्स हा घरोघरच्या पियानोसाठीचा चलनी माल होता. लोकांच्या तोंडी असलेली एखाद्या ऑपेरातली चाल घ्यायची. पहिल्यांदा उजव्या हाताला पळवायचं, मग डाव्या हाताला, मग तीन-तीनचे गुच्छ, एक मायनरमध्ये (उदास छटेच्या स्वरांत), शेवटून दुसरं संथ आणि शेवटचं धावतं. मोझार्टनंसुद्धा साधारण याच साच्यात लिहिलं. ‘ट्विंकल ट्विंकल’ म्हणून आपली मुलं जी चाल गातात, त्या मुळातल्या फ्रेंच गाण्यावरची त्याची १२ व्हेरिएशन्स याच बेताची आहेत. तो मोझार्ट असल्यामुळे ती ऐकवतात. बाकीच्यांची ढीगभर छापली गेली, आज त्यांची नावंही कुणी घेत नाही.

हायडननं नेमकं उलटं करून दाखवलं, तेही स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांच्या रचनेत. लंडनच्या मुक्कामात त्यानं इंग्रजांना आपल्या राजाचं गीत एकमुखानं गाताना ऐकलं होतं. आपल्या सम्राटासाठीही तसं काही असावं या भावनेतून त्यानं एक चाल बांधली. १२ फेब्रुवारी १७९७ रोजी, सम्राट फ्रान्झच्या वाढदिवसाला, ती पहिल्यांदा गायली गेली. त्याच सुमारास लिहिलेल्या ओपस (रचना-क्रमांक) ७६ मधल्या तिसऱ्या क्वार्टेटच्या संथ भागात त्यानं हीच चाल थीम म्हणून घेतली. पुढची चार व्हेरिएशन्स आणि चारही वेळा चाल जशीच्या तशी. एक सूर बदललेला नाही. बदलतं काय, तर ती कुणाच्या हाती आहे आणि आजूबाजूला काय चाललंय. पहिल्या व्हेरिएशनमध्ये चाल दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते आणि पहिलं व्हायोलिन तिच्याभोवती बारीक काम करत राहतं. बाकी दोघं गप्प. दुसऱ्यात ती चेलोकडे, तिसऱ्यात व्हायोलाकडे. शेवटी परत पहिल्या व्हायोलिनकडे येते, पण आता खालच्या तिघांनी स्वरमेळ इतका दाट केलेला असतो की तीच चाल वयानं वाढल्यासारखी वाटते.

क्वार्टेटमधल्या व्हायोलावाल्याच्या वाट्याला आख्खी चाल सहसा येत नाही. त्याचं काम मधली जागा भरण्याचं. म्हणून मी हे कुठलंही ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकताना तिसऱ्या व्हेरिएशनची वाट बघते. तिथं व्हायोला किती मोकळेपणानं बोलतो यावरून त्या चौघांचं आपापसांत कसं आहे ते मला कळतं. निदान तसं मला वाटतं.

या चालीचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १८४१ मध्ये होफमान फॉन फालर्सलेबेननं तिच्यावर जर्मन एकतेचे शब्द बसवले, १९२२ मध्ये ती जर्मनीचं राष्ट्रगीत झाली, नाझींनी तिचं पहिलं कडवं घसा फोडून गायलं, आज अधिकृतपणे फक्त तिसरं कडवं गातात. म्हाताऱ्या हायडनला मात्र ती शेवटपर्यंत पुरली. नेपोलियनच्या फौजा व्हिएन्नात शिरल्या तेव्हा तो ७७ वर्षांचा होता आणि पियानोशी बसून ती चाल वाजवायचा. २६ मे १८०९ रोजी त्यानं ती शेवटची वाजवली, ३१ मे रोजी तो गेला.

बाखनं याच्या बरोबर विरुद्ध टोक गाठलं होतं, हायडनच्या अर्धशतक आधी. १७४१ मध्ये छापलेल्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची सुरुवात एका संथ, नक्षीदार आरियानं, गाण्यासारख्या चालीनं, होते. चाल इतकी सुरेख की पुढं ती पुन्हा ऐकायला मिळेल म्हणून आपण सरसावून बसतो, आणि ती येतच नाही. ३० व्हेरिएशन्स होतात, तास उलटतो, ती चाल शेवटी आरिया परत येईपर्यंत कुठंच भेटत नाही. पहिल्यांदा ऐकणारा हमखास विचारतो, थीम गेली कुठे? बाखनं थीम म्हणून वरची चाल धरलेलीच नसते. त्यानं धरलेला असतो तो खर्ज: ३२ बारांची खालच्या सुरांची वाट, जिची सुरुवात चार पायऱ्या उतरून होते. वर काहीही चालू असो, ती वाट तुडवली जातेच.

तबला शिकल्याचा इथं मला फायदा झाला. आम्हाला सवय असते डग्गा ऐकायची. चाटीवर बोटं कितीही नाचोत, ठेका कुठं आहे ते डग्ग्याची घुमक सांगते. आरियाचा डावा हात एकदा कानात बसवून घेतला की पुढच्या कुठल्याही व्हेरिएशनमध्ये आपण नेमके कुठल्या वळणावर आहोत हे कळायला लागतं, अगदी २५ व्या, त्या काळोख्या, मायनरमधल्या व्हेरिएशनमध्येसुद्धा, जिथं वरचा सूर असा वेडावाकडा चढतो-उतरतो की सुकाणू सुटल्यासारखं वाटावं.

बाकी हिशेब बाखच्या स्वभावाला साजेसे. ३२ बारांचा आरिया, आणि सुरुवातीचा व शेवटचा आरिया धरून एकूण तुकडेही ३२. दर तिसरं व्हेरिएशन कॅनन, म्हणजे एका आवाजामागून दुसरा तीच ओळ घेऊन निघालेला. पहिला कॅनन एकाच स्वरावरून, दुसरा एका पायरीच्या अंतरानं, असं करत करत २७ वा नऊ स्वरांच्या अंतरावर. ३० व्या जागी पुढचा कॅनन येणार म्हणून आपण बोटं मोजत असतो आणि बाख तिथं बाजारातली दोन गाणी एकात एक गुंफून टाकतो. त्यातल्या एकात तक्रार आहे की कोबी आणि सलगम खाऊन मी पळालो, आईनं मटण शिजवलं असतं तर थांबलो असतो. तासाभराच्या सगळ्या विद्वत्तेनंतर हे. आणि खाली खर्ज तोच, चार पायऱ्या उतरत.

निद्रानाश झालेल्या काउंटसाठी ही रचना लिहिली आणि १४ वर्षांचा गोल्डबर्ग रात्री ती त्याला वाजवून दाखवायचा, ही गोष्ट फोर्केलनं १८०२ च्या बाखचरित्रात सांगितली. मुखपृष्ठावर काउंटचं नाव नाही, अर्पणपत्रिका नाही. गोष्ट गोड आहे म्हणून टिकली. झोप येण्यासाठी हे ऐकणाऱ्यानं २९ वं व्हेरिएशन एकदा मोठ्या आवाजात लावून बघावं. पियानोवादक ग्लेन गूल्डच्या १९५५ आणि १९८१ च्या ध्वनिमुद्रणांबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी त्यात भर घालत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारी रचना मात्र बीथोव्हनची आहे, आणि तिची सुरुवात एका धंदेवाईक कल्पनेतून झाली. आंतोन डियाबेली हा व्हिएन्नातला संगीत-प्रकाशक, थोडाफार संगीतकारही. १८१९ मध्ये त्यानं स्वतःचा एक छोटा वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नाचाची चाल) ऑस्ट्रियातल्या नामवंतांना पाठवला: प्रत्येकानं एकेक व्हेरिएशन लिहून द्यावं, आपण त्यांचा संग्रह काढू. पन्नास जणांनी दिलं. हुम्मेल, चेर्नी, मोझार्टचा धाकटा मुलगा, सम्राटाचा भाऊ आर्चड्यूक रुडॉल्फ, अकरा-बारा वर्षांचा लिस्ट. बीथोव्हननं एक दिलं नाही. त्यानं ३३ दिली.

वॉल्ट्झ मी इथं हिणवणार नाही, ते काम पुष्कळांनी केलंय. बीथोव्हननंच त्याला चांभाराचं ठिगळ म्हटलं होतं असं त्याचा चिटणीस आणि चरित्रकार शिंडलर सांगतो, पण शिंडलरनं बीथोव्हनच्या नावावर इतकं काही खपवलंय की त्याच्या शब्दावर फार भार टाकता येत नाही. वॉल्ट्झ साधा आहे, उत्साही आहे, डोकं फार चालवत नाही. सुरुवातीला एक छोटीशी गिरकी, मग चार सुरांची खाली उडी, मग उजवा हात एकच कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ) ठोकत बसतो; पुढं एकच तुकडा एकेक पायरी चढवत नेलेला. अशा चालीला सजवायचं म्हटलं तर ती फार वेळ टिकणार नाही.

बीथोव्हननं ती सजवली नाही, खोलून टेबलावर पसरली. नववं व्हेरिएशन बघा: आख्खं त्या सुरुवातीच्या गिरकीवर उभं आहे, वॉल्ट्झमध्ये जी ऐकताना लक्षातही राहत नाही. तेराव्यात कॉर्ड दणकन वाजते आणि मग शांतता, पुन्हा दोन दबके सूर, पुन्हा शांतता. डियाबेलीचा सांगाडा तेवढा राहिलाय, मांस सगळं गेलंय. विसाव्यात तेही नाही. लांब, संथ कॉर्ड्स, एकामागून एक, स्वरमेळ अशा दिशांना सरकणारा की लिस्टनं त्याला स्फिंक्स म्हटलं म्हणतात. त्याच्या लगेच पुढं एकविसावं, मूळ कॉर्ड-ठोकणी आणखी आडदांडपणे करत. बाविसाव्यात तो अचानक मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’तल्या नोकराच्या, लेपोरेलोच्या, गाण्यावर उतरतो: रात्रंदिवस राबायचं, आणि तेही कशानंही खूश न होणाऱ्या मालकासाठी. हा निव्वळ चावटपणा म्हणावा तर त्या गाण्याची सुरुवात आणि वॉल्ट्झची ती चार सुरांची उडी खरोखरच एकमेकांवर बसतात. एका प्रकाशकाच्या वॉल्ट्झवर इतकी वर्षं राबलेला माणूस हे लिहितोय हेही सोडून देता येत नाही.

इतकी वर्षं म्हणजे खरंच वर्षं. १८१९ मध्ये बरीचशी व्हेरिएशन्स आकाराला आली होती. मग ‘मिस्सा सोलेम्निस’ आणि शेवटचे पियानो सोनाटा मध्ये आले, आणि १८२२-२३ मध्ये तो परत या वॉल्ट्झकडे वळला. त्या दुसऱ्या फेरीत भर पडली त्यात अगदी पहिलं व्हेरिएशनही आहे, तो छाती काढून चालणारा मार्च. म्हणजे सुरुवात त्यानं शेवटी लिहिली. वॉल्ट्झ संपतो न संपतो तोच मार्च सुरू होतो आणि डियाबेलीच्या बैठकीच्या खोलीतून आपण बाहेर पडलोय हे तिथंच कळतं.

पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल ही रचना मुळात विनोदी आहे असं आग्रहानं सांगत. अर्धं मला मान्य आहे. पण २९, ३०, ३१ ही मायनरमधली तीन आली की हसू कुठं ठेवावं ते कळत नाही. एकतिसाव्यात बीथोव्हन गोल्डबर्गच्या २५ व्यासमोर उघड उघड नमस्कार करतो. त्यावर बत्तिसावी फ्यूग, जी वॉल्ट्झची चौकटच मोडून टाकते. सोळा अधिक सोळा बारांचं घर जवळजवळ सगळ्या व्हेरिएशन्समध्ये कसंबसं उभं होतं, ते इथं राहत नाही. आता अशा फ्यूगनंतर दुसरा कुणी दणक्यात शेवट करून उठला असता. बीथोव्हन एक मिन्युएट वाजवतो. नाच परत आलाय, पण वॉल्ट्झ नव्हे, त्याच्या आजोबांच्या पिढीचा नाच, अदबीनं, हलक्या हातानं. मूळ वॉल्ट्झ परत येत नाही. गोल्डबर्गमध्ये आरिया परत येतो, स्वतः बीथोव्हननं ओपस १०९ मध्ये थीम परत आणली होती, इथं नाही. डियाबेलीची चाल त्यानं इतकी वापरली की परत द्यायला काही उरलं नव्हतं असं मला वाटतं. ती गिरकी, ती उडी, ती कॉर्ड: एवढे कण त्यानं हातचे सुटू दिले नाहीत, बाकी चाल केव्हाच सोडली होती.

डियाबेलीला व्यापारी म्हणून नावं ठेवतात, पण १८२३ मध्ये ही रचना छापताना त्यानं जाहिरातीत तिला सेबास्टियन बाखच्या तशाच थोर रचनेशेजारी बसवलं. कान होते माणसाला. पन्नास जणांचा संग्रह पुढं १८२४ मध्ये निघाला. तो सलग ऐकणं म्हणजे परीक्षाच आहे. प्रत्येक जण आपल्या दोन-पाच बोटांची करामत दाखवून खाली बसतो. एकच पान थांबवतं, ते शूबर्टचं, सी मायनरमधलं. त्यानं तो खुशालचेंडू वॉल्ट्झ घेतला आणि काहीही न तोडता-फोडता तो उदास करून ठेवला.

शूबर्टबद्दल लांबवर लिहायचा मोह होतोय, आवरते. ‘डेथ अँड द मेडन’ क्वार्टेटच्या दुसऱ्या भागाबद्दल एवढंच: मूळ १८१७ च्या गाण्यात आधी मुलगी घाबरून मृत्यूला दूर जा म्हणते, मग मृत्यू तिला शांतपणे उत्तर देतो. १८२४ मध्ये त्या गाण्याची थीम करताना शूबर्टनं पियानोची सुरुवात आणि मृत्यूचं उत्तर एवढंच घेतलं. मुलीची ओळ गाळली. एक लांब, दोन आखूड अशी मृत्यूची चाल व्हेरिएशन्समधून चालत राहते, आणि गाळलेल्या मुलीची तडफड पहिल्या व्हायोलिनच्या तुटक सुरांत परत आल्यासारखी वाटते. हे माझं ऐकणं आहे, पोथीतलं नव्हे.

खर्जाचा विषय ब्राम्सनं शब्दांतही मांडून ठेवला आहे. १८६९ मधल्या एका पत्रात तो म्हणतो की व्हेरिएशनसाठी थीम घेतली की मला जवळजवळ फक्त तिच्या बेसशीच देणंघेणं असतं; तो माझ्या दृष्टीनं पवित्र, त्या पायावर मी माझ्या गोष्टी रचतो. चालीवरच काम करत राहिलं तर हुशारीपलीकडे फार काही हाती लागत नाही, असा त्याचा रोख. बाखकडून घेतलेला हा धडा त्यानं १८६१ च्या ‘हँडेल व्हेरिएशन्स’मध्ये पुरेपूर वापरला: २५ व्हेरिएशन्स आणि वर एक फ्यूग, संगीतकार रॉबर्ट शूमानची पत्नी, पियानोवादक क्लारा शूमानच्या वाढदिवसासाठी. रचना भक्कम आहे, पियानोवादकांची लाडकी आहे. मला तिच्याबद्दल आदर जास्त, ओढ कमी.

ओढ वाटते ती त्याच वर्षीच्या दुसऱ्या रचनेची, आणि तिच्यामागच्या थीमची.

फेब्रुवारी १८५४, ड्युसेलडॉर्फ. रॉबर्ट शूमानच्या कानात काही दिवसांपासून आवाज घोंघावत होते. १७ तारखेच्या रात्री तो उठला आणि एक चाल लिहून काढली; देवदूतांनी ती आपल्याला सांगितली, असं त्याचं म्हणणं. पुढच्या दिवसांत देवदूतांची भुतं झाली. त्याही अवस्थेत तो त्या चालीवर व्हेरिएशन्स लिहित राहिला. २७ तारखेला त्यांची स्वच्छ प्रत करता करता तो घरातून निघाला, पुलावर गेला आणि ऱ्हाईनमध्ये उडी टाकली. लोकांनी वाचवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं प्रत पुरी केली. ४ मार्चला त्याला बॉनजवळच्या एंडेनिखच्या रुग्णालयात नेलं. तिथून तो परत आला नाही. १८५६ च्या जुलैत गेला.

देवदूतांनी दिलेली ती चाल त्याचीच होती. आदल्याच वर्षी लिहिलेल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या संथ भागात ती जवळजवळ तशीच आहे. आपलंच लेणं त्याला ओळखू आलं नाही.

व्हेरिएशन्स पाचच आहेत, दहा-बारा मिनिटांत होतात. हा तोच शूमान, ज्यानं ‘सिम्फॉनिक एट्यूड्स’मध्ये थीमला इतकं लांब नेलं होतं की काही ठिकाणी ती शोधावी लागते. इथं तो चाल सोडायलाच तयार नाही. पहिल्यात तिच्याभोवती तीन-तीनचे सूर वाहतात, दुसऱ्यात तिच्याच मागून ती चालते, चौथ्यात ती मायनरच्या सावलीत जाते, पण चाल प्रत्येक वेळी समोर, पूर्ण, ओळखता येईल अशी. हायडननंही चालीला हात लावला नव्हता, पण त्याच्याकडे ती चार जणांत फिरवायची मौज होती. इथं फिरवायला कुणी नाही.

ही थीम ब्राम्सकडे आली. १८६१ मध्ये त्यानं तिच्यावर चार हातांसाठी, एका पियानोशी दोघांनी बसून वाजवायची दहा व्हेरिएशन्स लिहिली आणि ती शूमानची मुलगी यूलीला अर्पण केली. ब्राम्स चालीला सोडून देतो, खर्ज धरतो, गुरूनं ज्या दिशेला पाऊल टाकलं नाही तिकडं बिनधास्त जातो. शेवटचं व्हेरिएशन अंत्ययात्रेचा मार्च आहे. तो विरत जातो तेव्हा त्यावर थीमची आठवण एकदा येऊन जाते. चार हातांसाठी लिहिलं हे मला फार योग्य वाटतं. घरात, शेजारी कुणीतरी बसलेलं असताना वाजवायची रचना. मैफलीत ती क्वचितच ऐकू येते, आणि मुंबईत तर मला अजून मिळालेली नाही.

शूमानच्या मूळ पाच व्हेरिएशन्सचं काय झालं? क्लारानं ती छापू दिली नाहीत. त्याच्या समग्र संगीताचा पुरवणी खंड १८९३ मध्ये निघाला, संपादनाला ब्राम्स होता, आणि त्यात त्यानं फक्त थीम घातली. व्हेरिएशन्स मागे ठेवली. क्लारा १८९६ मध्ये गेली, ब्राम्स १८९७ मध्ये, व्हेरिएशन्स छापली गेली १९३९ मध्ये.

दोघांनी हे प्रेमानं केलं याबद्दल शंका नाही. ढासळलेल्या मनाचा पुरावा जगापुढं नको, असंच त्यांना वाटलं असणार. पण पाचव्या व्हेरिएशनमध्ये ती चाल बोचऱ्या, घासणाऱ्या सुरांच्या धुक्यातून चालते आणि कुठंही वाट चुकत नाही. सगळे थांबे जागच्या जागी, सगळी वळणं बरोबर. ते लिहिणारा माणूस चालीपुरता तरी पूर्ण शुद्धीवर होता, आणि म्हणून ती दाबून ठेवण्याचा निर्णय मला पटत नाही.